फुटामागं एक सूत

शिरगुप्पेकाका एलआयसीतून रिटायर झालेत,
तरी खुर्चीत बसले की त्यांच्यापुढं आपोआप टेबल येतं.
आमच्याकडं टेबल नाही,
म्हणून शिलाई मशीनच्या झाकणावर
माझी फाईल उघडून ते म्हणतात,
"हं. स्वतःबद्दल सांगा."

माझं नाव आश्लेषा दिनकर लोहार.
बारावीला एक्क्याऐंशी टक्के.
छंद : वाचन, चित्रकला.
मी रोज सकाळी लवकर उठतो आणि

"उठते."
काका चष्म्यावरून बघतात.
"पुण्यात मुली उठते म्हणतात."

उठते. करते. जाते. बोलते.
आतून कणीक मळता मळता आई,
"मी चाळीस वर्षं उठतो,
कुणी काय बोललं न्हाई."

"डिझाइनच का शिकायचंय?"
याचं उत्तर पाठ आहे, झेरॉक्सवरून.
समाजाच्या गरजा, सर्जनशीलता, शाश्वत विकास.
रंकाळ्याच्या कट्ट्यावर सतरा वेळा म्हणून झालंय.
पाणी एकदाही हललं नाही.

सातला बाबा येतात उद्यमनगरातून,
भुवयांत सागवानाचा भुसा,
उंबऱ्यातच बसतात, आत भुसा नको म्हणून.
काका म्हणतात, "दिनकरराव, एक प्रश्न तुम्हीही विचारा."
बाबा फौंड्रीचं ड्रॉइंग बघतात तसे
माझ्याकडं बघत राहतात बराच वेळ.
मग म्हणतात,
"पाचवीत तुझ्या सगळ्या रेघा का चुकल्या?"

हा प्रश्न झेरॉक्सवर नाही.

पंधरा सेंटिमीटरची रेघ काढा.
मी काढायची. बाई मोजायच्या.
दीड मिलिमीटर जास्त.
रोज जास्त. लाल पेन, पालकांची सही.
पेन्सिलीला टोक काढून काढून
पेन्सिल अंगठ्याएवढी झाली,
रेघ काही कमी होईना.
मग एकदा सही करताना बाबांनी
दप्तरातली पट्टी बघितली
आणि काही न बोलता खिशात घातली.
त्यांची होती. कामावरची. मी न विचारता नेलेली.

"बीड थंड होताना आकसतं," बाबा आता सांगतात,
मला नाही, काकांना.
"म्हणून लाकडाचा पॅटर्न मोठा धरायचा.
फुटामागं एक सूत.
त्याची पट्टीच येगळी असती.
खोटी न्हाई ती.
तिला गरम लोखंड म्हाईत हाय, एवढंच."

कुकरची शिट्टी होते.
"हे इंग्लिशमध्ये कसं सांगणार?" काका विचारतात.
कुणालाच माहीत नाही.
काका फाईलच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितात
पट्टी,
पुढं प्रश्नचिन्ह काढतात,
थोड्या वेळानं ते खोडतात.

रात्री सगळे झोपल्यावर
मी ती पट्टी घेऊन घर मोजत बसते.
या पट्टीनं प्रत्येक गोष्ट जरा कमी भरते.
मशीनचं झाकण कमी. फरशी कमी.
बारावीचं मार्कशीट कमी.
माझी वीत तर बरीच कमी.
आईचा पाय मोजायला गेले,
ती झोपेतच म्हणाली, "आठ नंबर. कशाला आणतीस?"

दुसऱ्या दिवशी रात्रीची महालक्ष्मी.
ओरिजिनल सर्टिफिकेटं, दोन फोटो,
जातीची व्हॅलिडिटी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी,
मामेबहिणीचा इस्त्रीचा ड्रेस, जो मला खांद्यात ढिला आहे.
पट्टी फाईलमध्ये मावत नाही.
तिरकी घातली तरी टोक वर राहतं.
बाबा ते टोक बघतात.
"तपासतील काय गेटवर?"
"काय की."
"तपासले तर सांग, वडलांची हाय. परत दे म्हणावं."

आरशात एकदा म्हणून बघते,
करते, जाते, बोलते,
तोंड जरा लहान होतं म्हणताना.

रिक्षा दारात. आई हातावर दही ठेवते.
एका पायात चप्पल, एक अजून शोधतोय,
फाईल काखेत, पट्टीचं टोक बरगडीला टोचतंय,
आणि मी म्हणतो,
"येतो, बाबा."

वर गॅलरीतून शिरगुप्पेकाका काहीतरी ओरडतात.
रिक्षा सुरू झालेली असते.